पाण्याला आठवण असते का?

सीताबर्डीकर

सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी आमच्या वसाहतीच्या सभागृहात पाण्यावर एक व्याख्यान झाले. वक्त्यांनी गोठवलेल्या पाण्याच्या स्फटिकांची छायाचित्रे पडद्यावर दाखवली. ज्या पाण्याशी प्रेमाने बोलले त्याचे स्फटिक सुबक झाले, ज्याला शिव्या दिल्या त्याचे वेडेवाकडे झाले, म्हणजेच पाणी भोवतालचे सारे लक्षात ठेवते, असे ते सांगत होते. बाहेरच्या टेबलावर नळाला बसवायचे एक यंत्र विक्रीला ठेवले होते. नळाचे पाणी वाटेत ‘वाईट आठवणी’ गोळा करते आणि हे यंत्र त्या पुसून टाकते, असे पत्रकावर छापले होते. किंमत अठरा हजार रुपये. माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे. दुसऱ्याच दिवशी तिने मला बँकेतून पैसे काढून आणायला सांगितले.

मी तिला म्हणालो, की यात काही तथ्य नाही. त्यावर तिने विचारले, “मग माठातले पाणी कोणते आणि फिल्टरचे कोणते, हे मला डोळे मिटून कसे कळते? माठ त्याला काहीतरी देतोच ना?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिला गप्प बसवून जिंकण्याची माझी इच्छा नाही. पाणी खरोखर काही लक्षात ठेवते का, ठेवत असेल तर काय आणि किती वेळ, हे जाणकारांनी समजावून सांगावे ही विनंती.

प्रयोगशाळा

सीताबर्डीकर दादा, आपल्या आईंचा प्रश्न त्या व्याख्यानापेक्षा कितीतरी चांगला आहे. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच आला.

पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि त्यामुळे द्रव पाण्यातही जाळ्यासारखी रचना असते, हे खरे आहे. या जाळ्यात माहिती साठते असा दावा केला जातो. मात्र हे जाळे स्थिर नसते. यातला एकेक बंध साधारण एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात तुटतो आणि रेणू दुसऱ्याच शेजाऱ्याचा हात धरतो. कॅनडा आणि जर्मनीतील संशोधकांनी २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, शुद्ध पाण्याच्या या जाळ्यातील रचनेची खूण ५० फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे एका सेकंदाच्या वीस लाख कोटीव्या भागाच्या, आत पुसली जाते. आपण पेला ओठांपर्यंत नेतो तेवढ्यात हे जाळे अक्षरशः अब्जावधी वेळा नव्याने विणले गेलेले असते.

स्फटिकांविषयी एवढेच सांगते, की जपानचे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये होक्काइदो येथे प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि स्फटिकाचा आकार तापमानावर व हवेतील बाष्पावर कसा ठरतो ते दाखवून दिले. आपल्या वक्त्यांनी दाखवली ती छायाचित्रे बहुधा जपानी लेखक मासारू इमोटो यांची असावीत. एकाच पाण्यातून अनेक स्फटिक मिळतात आणि त्यांतले कोणते टिपायचे हे तिथे छायाचित्रकार ठरवत असे. सुंदर स्फटिक शोधायला बसलेल्या माणसाला सुंदर स्फटिक सापडतो.

माठाविषयी सविस्तर लिहायचे आहे, ते संध्याकाळी लिहीन.

वाळा

आमच्या घरी नवतप्यात माठात वाळ्याची जुडी सोडतात. जुडी काढल्यावरही दोन दिवस पाण्याला वास राहतो. ही आठवणच नव्हे का?

मात्रा

मी बावीस वर्षे होमिओपॅथीचा व्यवसाय करतो. प्रयोगशाळा ताईंनी अत्यंत सौजन्याने लिहिले आहे, तरीही काही गोष्टी राहिल्या असे मला वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे, फ्रान्सचे जाक बेनव्हेनिस्त हे कोणी भोंदू नव्हते. ते तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेतील मान्यवर प्रतिकारशास्त्रज्ञ होते. प्रतिपिंडाचे द्रावण, त्यात मूळ पदार्थाचा एकही रेणू उरू नये इतके, विरळ करत नेले तरी रक्तातील विशिष्ट पेशींवर त्याचा परिणाम दिसतो, असा त्यांचा निबंध ३० जून १९८८ रोजी ‘नेचर’मध्येच प्रसिद्ध झाला. दुसरी गोष्ट, ल्यूक मोंटानिए यांना २००८ मध्ये एचआयव्हीच्या शोधासाठी नोबेल मिळाले आणि अतिविरळ द्रावणांतून विद्युतचुंबकीय संकेत मिळतात असे त्यांनी २००९ मध्ये लिहिले. तिसरी गोष्ट, मिथेन हायड्रेट, म्हणजे मिथेन वायू अडकलेला बर्फासारखा पदार्थ, वितळवून झालेले पाणी पुन्हा थंड केले, तर त्यात हायड्रेट ताज्या पाण्यापेक्षा लवकर तयार होते, आणि या घटनेला अभियंतेसुद्धा ‘स्मृती परिणाम’ हेच नाव देतात.

माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना बरे वाटते हे मी रोज डोळ्यांनी पाहतो. ज्याचे कारण आज सांगता येत नाही ते घडतच नाही, असे आपण कसे म्हणावे?

प्रयोगशाळा

डॉक्टर, आपण तिन्ही गोष्टी अचूक मांडल्या आहेत. बेनव्हेनिस्त यांच्याविषयी मलाही आदर आहे, कारण त्यांनी आपली प्रयोगशाळा परक्यांच्या तपासणीसाठी उघडली. परंतु त्या निबंधाची गोष्ट जूनमध्ये संपली नाही, आणि तिचा पुढचा भाग सीताबर्डीकर दादांना घरी उपयोगी पडेल, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी निबंध एका अटीवर छापला होता. ती अट अशी, की प्रयोग त्यांनी निवडलेल्या लोकांसमोर पुन्हा करून दाखवायचा. त्याप्रमाणे जुलैमध्ये ते स्वतः, वैज्ञानिक गैरप्रकारांचा शोध घेणारे वॉल्टर स्ट्युअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी असे तिघे पॅरिसजवळच्या क्लामार येथील त्या प्रयोगशाळेत गेले. परिणाम झाला की नाही हे तिथे सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजून ठरवले जाई. कोणत्या नळीत औषध आणि कोणत्या नळीत नुसते पाणी हे मोजणाऱ्याला ठाऊक होते, तोवर परिणाम छान दिसत होते. मग नळ्यांवर सांकेतिक खुणा घातल्या, त्या खुणांची यादी ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून पाकिटात बंद केली आणि पाकीट प्रयोगशाळेच्या छताला चिकटवून ठेवले. मोजणी पूर्ण झाल्यावरच ते खाली काढले. औषध आणि पाणी यांत फरक उरला नव्हता. यात कोणी खोटे बोलले असे मला वाटत नाही. जी पेशी ‘बदलली की नाही’ अशा सीमेवर असते, तिथे मोजणाऱ्याचा हात मनाकडे झुकतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या टायट्रेशनमध्येही, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण घालण्याच्या प्रयोगातही, मी हे दरवर्षी पाहिले आहे. उत्तर आधी माहीत असले, की गुलाबी रंग नेमक्या त्याच थेंबाला ‘दिसतो’. पुढे १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तोच प्रयोग काळजीपूर्वक केला आणि त्यांनाही मूळ निष्कर्ष मिळाला नाही.

मोंटानिए यांचे नोबेल विषाणूच्या शोधासाठी होते. पाण्याविषयीच्या दाव्याला ते पारितोषिक आधार देऊ शकत नाही. हायड्रेटची घटना मात्र खरी आहे आणि ती आपण मांडलीत याचा मला आनंद आहे. तिच्या कारणांवर अजून वाद आहे. वितळलेल्या पाण्यात विरघळून राहिलेला वायू आणि त्याचे अतिसूक्ष्म बुडबुडे हे त्यामागचे कारण असावे, असे बरेच संशोधक मानतात. हे पाणी पुरेसे तापवले की ती ‘आठवण’ जाते. म्हणजे इथेही कोणीतरी मागे राहिलेला आहे.

रुग्णांना बरे वाटते याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. आपण त्यांचे अर्धा तास ऐकून घेता, ते औषधाइतकेच मोलाचे असते. होमिओपॅथीतल्या ‘तीस सी’ या मात्रेचे गणित मात्र टाळता येत नाही. या मात्रेत मूळ पदार्थ १ वर ६० शून्ये इतक्या पटींनी विरळ झालेला असतो. पृथ्वीवरचे सगळे समुद्र, नद्या आणि बर्फ मिळून साधारण १४० कोटी घन किलोमीटर पाणी आहे. त्यातले सारे रेणू मोजले तरी संख्या ४७ आकड्यांतच संपते, म्हणजे तेवढ्या साऱ्या पाण्यातही मूळ पदार्थाचा एक रेणू सापडणे जवळजवळ अशक्य.

वाळा ताई, आपल्या जुडीचे तेल पाण्यात आणि माठाच्या छिद्रांत उतरलेले असते. नाक किती थोड्याने जागे होते याचा अंदाज द्यायचा तर तलावाच्या पाण्याला उन्हाळ्यात येणारा मातकट वास घ्या. तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो आणि एका लिटरमध्ये दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असला तरी माणसाला कळतो. ‘जवळजवळ काहीच नाही’ असे वाटणाऱ्या त्या अंशातही जिओस्मिनचे सुमारे ३३ लाख कोटी रेणू असतात. काहीच नसणे आणि फार थोडे असणे यांतला फरक एवढा प्रचंड आहे. माठाचेही तसेच आहे. भाजलेल्या मातीतले क्षार आणि वास थोडे थोडे पाण्यात येतात. आईंची जीभ बरोबर सांगते. ती जे ओळखते ते माठाने दिलेले आहे.

वाळा

म्हणजे पाणी निरोप्या आहे. तांब्याच्या भांड्याचेही असेच असेल का? आजी रात्री भरून ठेवायची.

प्रयोगशाळा

होय. तिथे तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पाण्यात उतरतात. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जिवाणू नष्ट झाल्याचे बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले आहे. आजींचा अनुभव खरा होता आणि त्याचे कारण मोजता येते.

संत्राबाग

काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. ताईंशी सहमत असूनही एक भर घालतो, कारण पाण्याच्या रेणूतच एक नोंद असते आणि ती इथे कोणी सांगितली नाही.

पाण्यातल्या ऑक्सिजनच्या सुमारे पाचशे अणूंपैकी एक जरा जड असतो. त्याला ऑक्सिजन-१८ म्हणतात. बाष्पीभवन होते तेव्हा हलके रेणू आधी उडतात आणि मागे राहिलेले पाणी किंचित जड होते. झाड पानांतून दिवसभर बाष्प सोडत असल्यामुळे संत्र्यातले पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असते. ताज्या म्हणून विकलेल्या रसात नळाचे पाणी मिसळले असेल, तर प्रयोगशाळेत ते याच फरकावरून ओळखता येते. रस गाळला, उकळून गार केला, तरी त्यात मिसळलेले नळाचे पाणी झाडातून आलेल्या पाण्यासारखे होत नाही.

भूजलाचेही असेच आहे. अणुबाँबच्या हवाई चाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास पावसात ट्रिटियम या किरणोत्सारी जड हायड्रोजनचे प्रमाण फार वाढले होते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षे आहे. विहिरीच्या पाण्यातले ट्रिटियम मोजून ते पाणी त्या चाचण्यांच्या आधी मुरलेले की नंतरचे, याचा अंदाज भूजलतज्ज्ञ बांधतात. अंटार्क्टिकाच्या बर्फातून आठ लाख वर्षांचे हवामान वाचले गेले तेही अशाच जड-हलक्या अणूंच्या प्रमाणावरून. त्यामुळे ‘पाणी काहीच लक्षात ठेवत नाही’ हे वाक्य मला पुरते पटत नाही. पाणी शब्द आणि भावना लक्षात ठेवत नाही, पण आपला प्रवास ठेवते.

प्रयोगशाळा

दादा, ही दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या लिखाणातली ती उणीव होती. आपल्या उदाहरणातही नोंद ठेवणारे अणूच आहेत, रेणूंची क्षणभराची मांडणी नव्हे, एवढेच जोडते. आता आईंना सांगता येईल, की मे महिन्यात माठ दिवसभर पाझरतो तेव्हा त्यातले उरलेले पाणी खरोखर कणभर जड झालेले असते. ते जिभेला मात्र कळणार नाही.

नागनदी

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या सकाळी मी चिखलातून पायी फिरलो तेव्हा ‘नदी आपली वाट विसरत नाही’ हे वाक्य दहा जणांच्या तोंडून ऐकले. ही आठवण पाण्याची नाही. ती जमिनीच्या उताराची आहे आणि नकाशावर उतरवता येते. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण दोष पाण्याच्या स्वभावाला दिला, की पात्रात भिंत कोणी बांधली हे कोणी विचारत नाही.

तुळशीपत्र

मी रोज सकाळी देवावर अभिषेक करते आणि ते तीर्थ घरातल्या सर्वांना देते. वरचे सारे वाचून मन जरा खट्टू झाले. गंगेचे पाणी वर्षानुवर्षे नासत नाही, हे आमच्या घरच्या गडूत मी स्वतः पाहिले आहे. ते कसे?

प्रयोगशाळा

ताई, आपण पाहिले ते मी नाकारत नाही. ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये लिहिले, की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की हा गुण जातो. जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फेज, यांचा शोध त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी लागला, आणि हँकिन यांना दिसलेला गुण त्यांचाच असावा असे पुढे सुचवले गेले. उकळल्यावर जाणारी गोष्ट म्हणजे पाण्यात राहणारे कोणीतरी. बंद गडूतले पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते पिण्याजोगे असतेच असे नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी. तीर्थ देताना आपण जो भाव देता, त्यासाठी पाण्याने काही लक्षात ठेवण्याची गरज नाही.

ओंजळ

बराच वेळ वाचतो आहे. लिहावे की नाही याचा विचार करत होतो.

पाणी स्पर्श लक्षात ठेवते, हा समज आमच्या घरात फार महागात पडला आहे. माझी आजी लहानपणी गावच्या विहिरीपासून दहा पावलांवर रिकामी घागर ठेवून उभी राहायची. कोणाला दया आली तर ती व्यक्ती वरून पाणी ओतायची, आपला पोहरा घागरीला लागणार नाही इतक्या उंचीवरून. अर्धे पाणी जमिनीवर सांडायचे. आजी तळहात जोडून ओंजळ धरून दाखवायची आणि म्हणायची, “पाणी तेच होते, त्यांच्या विहिरीतलेच. माझा हात लागला की ते बदलते असे त्यांना वाटायचे.” तिचे हात ऐंशीव्या वर्षीही ओंजळ धरताना आपोआप खाली झुकायचे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला. त्या तळ्यात गुरे पाणी पीत होती. त्यांचे पिणे पाण्याला आठवत नव्हते आणि माणसांचे मात्र आठवत होते, असे मानणारे शिकलेसवरलेले लोक होते.

व्याख्यानातले वक्ते जातीविषयी काही बोलले असतील असे मी म्हणत नाही. परंतु पाण्याला कोणाची तरी वाईट छाया लागते आणि ती विधीने किंवा यंत्राने पुसता येते, हे वाक्य मला ओळखीचे वाटते. आजीने ते ऐकले असते तर तिनेही ओळखले असते. पाणी विसरते, या गोष्टीसाठी मी विज्ञानाचा ऋणी आहे.

तुळशीपत्र

दादा, आपले लिखाण दोनदा वाचले. माझ्या माहेरच्या विहिरीवरही हे घडत असणार, आणि मी कधी विचारले नाही. उद्यापासून तीर्थ देताना हे माझ्या मनात राहील.

मात्रा

ओंजळ यांनी लिहिले ते वाचून थांबलो. माझ्या उपचारपद्धतीविषयीचे माझे मत एका धाग्यात बदलणार नाही आणि तसे खोटे लिहिणे योग्य नाही. परंतु ते यंत्र विकणाऱ्यांच्या बाजूने माझा एकही शब्द धरू नये. आईंना कृपया पैसे भरू देऊ नका.

सीताबर्डीकर

सर्वांचे मनापासून आभार. ओंजळ दादांचे लिखाण मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आपण घरीच करून पाहू, ते पाकीट छताला लावले होते तसे.”

काल आम्ही प्रयोग केला. माठातले आणि फिल्टरचे पाणी सारख्या स्टीलच्या तांब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवले आणि दोन्हींचे तापमान सारखे झाल्यावरच बाहेर काढले, कारण गारव्यावरून माठ लगेच कळला असता. माझ्या भाचीने स्वयंपाकघरात तीन पेले भरायचे, दोन एका पाण्याचे आणि एक दुसऱ्याचे, आणि वहीत नोंद करायची. मी ताट उचलून आईसमोर ठेवायचे, पण कोणता पेला वेगळा हे मला माहीत नसायचे. आईने डोळे मिटून वेगळा पेला सांगायचा. बारा वेळा केले. नुसत्या अंदाजाने चार वेळा बरोबर येते. आईचे अकरा वेळा बरोबर आले.

मग दुसरी फेरी. दोन्ही तांब्यांत फिल्टरचेच पाणी होते, पण एका तांब्यासमोर आईने सकाळी अर्धा तास विष्णुसहस्रनाम म्हटले होते. बारापैकी पाच. आईने वही मागून घेतली, स्वतः दोनदा मोजली आणि म्हणाली, “देवाला ऐकू गेले असेल. पाण्याला नाही.”

प्रयोगशाळा

दादा, हे वाचून फार आनंद झाला. आईंना माझा नमस्कार सांगा. एक शंका आहे. भाचीने वेगळा पेला ताटात कुठे ठेवला याची नोंद आहे का? माणूस सवयीने एकाच जागी ठेवतो.

सीताबर्डीकर

वही पाहिली. वेगळा पेला ती शेवटी भरत होती, त्यामुळे पहिल्या फेरीत बारापैकी आठ वेळा आणि दुसऱ्या फेरीत सात वेळा तो उजवीकडे होता.

प्रयोगशाळा

दोन्ही फेऱ्यांत जवळजवळ तीच त्रुटी असूनही निकाल इतके वेगळे आले, म्हणून ते उलटतील असे मला वाटत नाही. तरीही पुन्हा करावे. पेल्याची जागा फासा टाकून ठरवा. एक-दोन पडले तर डावीकडे, तीन-चार पडले तर मध्ये, पाच-सहा पडले तर उजवीकडे. आणि तिन्ही पेले सारख्या मापाने भरा.

सीताबर्डीकर

येत्या रविवारी तसेच करतो. लुडोच्या डब्यातला फासा आईने आत्ताच काढून देवघरात ठेवला आहे. पैसे बँकेतच आहेत.